मुक्यांची मोजणी

सेलेस्तिनो म्हणाला, इथे काही नाही.
एकेचाळीस वर्षं हे गवत कापतोय मी.
पूर्वी होते रातकिडे, रेडिओ मोठा करावा लागायचा.
आता नाहीत. औषधानं मेले असतील.

नोएलानीनं कपाळावरचा दिवा खाली वळवला,
ओल्या गवतात गुडघे टेकले
आणि मोजायला लागली.
एकोणीस. वीस.
हा बघा, तुमच्या बुटापाशी एकविसावा.

कौआई बेट, चर्चमागचा उतार,
पलीकडे समुद्र अंधारात कूस बदलतोय.
आणि एक नर पंखावर पंख घासतोय,
जीव तोडून घासतोय,
आवाज शून्य.
कुलूप नसलेल्या दाराला
कुणी किल्ली फिरवत राहावं तसा.
पंख सपाट. करवतीचे दात
झिजलेले नाहीत, उगवलेच नाहीत.

हे कसलं, म्हातारा म्हणाला.

गाणं मादीसाठी होतं.
रात्रीमागून रात्री तिनं न थकणारा सूर निवडला,
आणि तिच्या निवडीनं
पंखांची करवत पिढ्यान् पिढ्या पाजळत गेली.
मग या बेटावर एक माशी आली.
तिलाही कान. तेही याच सुराला लागलेले.
एक लग्नाला येते, एक जेवायला.
माशी गाणाऱ्यावर अळ्या सोडते,
त्या आत शिरतात, आठवडाभर पोसतात,
मग भिंत फोडून बाहेर.

कुणी ठरवलं नाही गप्प बसायचं.
सभा नाही, ठराव नाही.
एकाचा पंख चुकला, एवढंच.
एरवी तो बिनलग्नाचाच मेला असता.
बोलणाऱ्याच्या कण्या खपतात,
मुक्याचे गहू पडून राहतात.
पण त्या साली बाजारात चोर शिरला होता,
ज्याची विक्री जास्त, त्याचंच घर फोडत होता.
वीसेक पिढ्या गेल्या. माणसाची पाच वर्षं.
हिरवळ मुकी झाली.

मग यांना बायको कशी मिळते?

एखादा गाणारा उरतो, नोएलानी म्हणाली,
त्याच्याभोवती हे दबा धरून बसतात.
त्याच्याकडे निघालेली यांना वाटेत भेटते.
आणि तीही हल्ली फार चौकशी करत नाही.

सेलेस्तिनो इतका हसला की खोकला आला.
युफेमियो गिटार वाजवायचा, म्हणाला,
उसाच्या कामगारांच्या चाळीत, शनिवारी.
मी त्याच्या पायरीवर बसून असायचो, नुसता.
रेमेदियोस त्यालाच ऐकायला आली होती.
पुढचं तो बोलला नाही.
टोपी काढून पुन्हा घातली.

तिनं गवतात छोटा स्पीकर ठेवला, बटण दाबलं.
जुन्या रेकॉर्डिंगमधला कुणी एक गायला लागला,
कधीचा मेलेला.
चहूकडून मुके सरकत आले.
स्पीकरच्या जाळीवर एक माशीही उतरली,
फिरली, थांबली,
मांस शोधत राहिली.

आणि ऐका, ती म्हणाली,
हा मुकेपणा बापाकडून मुलाला मिळत नाही.
बाप तो मुलीला देतो.
ती तर गातच नाही, तिच्यात तो दिसत नाही,
तिच्या मुलाच्या पंखांवर उतरतो तो, कधी कधी.
जिच्या कानांसाठी सगळं गाणं,
मौन तिच्याच पोटातून.

लास वेगासला मुलगी आहे माझी, सेलेस्तिनो म्हणाला.
दर रविवारी नातू फोनवर येतो.
त्याला इलोकानो येत नाही,
माझं इंग्रजी गवत कापण्यापुरतं.
तो तिकडे श्वास घेतो. मी इकडे.
मग मुलगी फोन घेते.

सत्तेचाळीस, नोएलानीनं वहीत लिहिलं.
दिव्यावर पाकोळ्या आदळत होत्या.

उद्या हा कोपरा कापत नाही, तो म्हणाला.
थोडं चालून गेला, वळला.
परवा मात्र कापावा लागेल.
फादर ओरडतात.